तीनशे रुपयांची ‘फुलकारी’ आणि आपला निवडक अभिमान

लग्नसराई सुरू झाली की हल्ली मराठी घरातही मेंदी, संगीत, हळद असे वेगवेगळे दिवस असतात. त्याला कुणी नाक मुरडायचं कारण नाही. ज्याचं लग्न, त्याची हौस. पण संगीताच्या दिवशी करवल्यांपासून मावशी-आत्यांपर्यंत सगळ्यांच्या खांद्यावर एकसारखी रंगीत ओढणी असते, आणि विचारलं की मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं, “फुलकारी आहे. तीनशेची होती, पन्नास घेतल्या म्हणून अडीचशेला लावली.”

मंडळी, ती फुलकारी नाही. पॉलिएस्टरवर छापलेलं ते फुलकारीचं चित्र आहे. देवळात देव असतो आणि कॅलेंडरवर देवाचा फोटो असतो, दोन्हींतला फरक आपल्याला लहानपणापासून कळतो. इथे मात्र कळत नाही. खरं सांगायचं तर, कळून घ्यायचा नसतो.

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. कारण हा विषय ओढणीचा नाही, मजुरीचा आहे.

जून २०२५ आठवतोय ना? मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला मांडल्या आणि नाव कोल्हापूरचं घेतलं नाही. अख्खा महाराष्ट्र पेटला. आपल्या नाशिकच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. “आमच्या कारागिरांची चोरी”, “भौगोलिक मानांकन असताना हिंमत कशी होते”, सगळं लिहून झालं. शेवटी कंपनीला भारतीय चपलांपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य करावं लागलं. बरोबरच झालं. ओरडायलाच हवं होतं.

मग आता एक साधा प्रश्न. प्राडाने चप्पल घेतली आणि नाव गाळलं, तर ती चोरी. आपल्या बाजारात नाव घेतात आणि काम गाळतात, ते काय? कोल्हापुरीचं मानांकन २०१९ चं. फुलकारीचं २०११ च्या आसपासचं, म्हणजे कोल्हापुरीच्याही आधीचं. पण फुलकारीचं नाव छापील कापडाला लावून विकलं जातं तेव्हा आपण “डझनाचा भाव काय?” एवढंच विचारतो.

आता आधी फुलकारी म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. कारण अर्ध्या लोकांना वाटतं की फुलांची कुठलीही रंगीत नक्षी म्हणजे फुलकारी.

पंजाब म्हणजे आजचा फक्त भारतातला पंजाब नव्हे. हरियाणा आणि सीमेपलीकडचा पंजाब त्यात धरायचा, शिवाय वर हजारापर्यंतचा मुलूख. तिथल्या बायका घरी सूत कातायच्या, गावातला विणकर त्याचं जाडंभरडं कापड विणून द्यायचा. त्याला खद्दर म्हणतात. मागाचा पन्हा अरुंद, म्हणून दोन-तीन पट्टे जोडून एक ओढणी व्हायची. कापड बहुतेक वेळा मंजिष्ठाच्या लाल रंगात रंगवलेलं. त्यावर भरायचा तो ‘पट’, म्हणजे पीळ न दिलेलं रेशीम. हे रेशीम पंजाबात होत नसे. काश्मीर, अफगाणिस्तान, बंगाल, चीन असं लांबून यायचं आणि अमृतसरसारख्या ठिकाणी रंगून गावोगाव विकलं जायचं. घरच्या सुताच्या कापडावर विकतचं महाग रेशीम, असा तो मेळ होता.

आणि टाका? आपण रफू करतो तसा. पण कापडाच्या उलट बाजूने. बाई उलट बाजूकडे बघत कापडाचे धागे मोजते, सुईने एखाद-दुसरा धागा उचलते आणि सुलट बाजूवर रेशमाचा लांब टाका पडत जातो. नक्षी ती करत असताना तिच्या डोळ्यांसमोर नसतेच, कापडाच्या पलीकडे तयार होत असते. कागदावर आराखडा नाही, कापडावर छापा नाही. सगळं मोजणीवर. एक धागा चुकला की पुढची अख्खी ओळ तिरकी.

टाके आडवे घातले की रेशीम एका प्रकारे चमकतं, उभे घातले की दुसऱ्या प्रकारे. एकाच सोनेरी पिवळ्या रेशमातून दोन छटा दिसतात. पटाला पीळ नसल्यामुळेच ही चमक येते. हे भूमितीचं ज्ञान होतं, आणि ते शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांच्या बोटांत होतं. आपल्याकडे सीमाभागात इरकलीवर कसुती भरतात, तीही धागे मोजूनच. ज्यांच्या घरात कसुती आहे त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

नक्षी विरळ असेल तर फुलकारी. भरता भरता सगळं कापड झाकलं गेलं, खालचं लाल कुठे दिसेनासं झालं, की तो ‘बाग’. एकेका बागेला महिनोन् महिने लागायचे, कधी वर्षाच्या वर. बावन्न नमुने एकत्र असलेला ‘बावन बाग’ असतो. दक्षिणेकडे, मालवा भागात, भटिंडा-फरीदकोटकडे ‘सैंची’ असते. तिच्यात गावचं सगळं जग येतं: जनावरं, दागिने, ताक घुसळणारी बाई, कुस्त्या, आणि गावाजवळून आगगाडी जायला लागली तेव्हा आगगाडीसुद्धा. सैंचीत मात्र आधी शाईने बाह्यरेषा काढून घेत. म्हणजे नियम होते, अपवाद होते, पोटभेद होते. एखाद्या भाषेला असतं तसं व्याकरण होतं.

प्रत्येक कापडाचा प्रसंग ठरलेला. नात जन्मली की आजीने, म्हणजे आईच्या आईने, तिच्या लग्नासाठी ‘चोप’ भरायला घ्यायची. ती दुहेरी धावदोऱ्याने भरतात, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या दिसतात. ‘वरी दा बाग’ सासरकडून, नवी सून घरात येताना तिच्या अंगावर घालायचा. ‘थिरमा’ पांढऱ्या कापडावरचा, तो वयस्कर बायकांचा आणि विधवांचा. ‘दर्शन द्वार’ अंगावर घालायचाच नाही. नवस फेडायला किंवा कृतज्ञता म्हणून तो गुरुद्वारात किंवा देवळात अर्पण करायचा, त्यावर दरवाजांच्या कमानी भरलेल्या असतात. हिंदू, शीख, मुसलमान, तिन्ही घरांतल्या बायका हे काम करायच्या. वारिस शाहच्या ‘हीर’मध्ये हीरच्या लग्नाच्या कपड्यांत फुलकारी येते ती उगाच नाही.

आणि एक मजा. एवढ्या काटेकोर नक्षीत कुठेतरी मुद्दाम एखादी चुकार बुट्टी असते, वेगळ्या रंगाची किंवा काळी. तिला ‘नजर बुट्टी’ म्हणतात. आपण बाळाच्या गालाला तीट लावतो ना, तेच. कापडालाही दृष्ट लागू शकते, कारण कापड म्हणजे घरातलंच एक माणूस, अशी ती समजूत. मशीनच्या कापडाला तीट लागत नाही. तिथे एक रंग चुकला तर तो माल ‘सेकंड’मध्ये जातो.

आता तुम्ही म्हणाल, किती छान, किती मायेची परंपरा! थांबा. इथेच माझं दुसरं भांडण आहे, आणि ते छापील ओढणीवाल्यांपेक्षा या ‘मायेची परंपरा’वाल्यांशी जास्त आहे.

फुलकारीवर जे काही लिहिलं जातं त्यात हटकून एक वाक्य असतं: ही कला कधी विकण्यासाठी नव्हतीच, ती प्रेमाने घरच्यांसाठी केलेली होती. खरं आहे. पण अर्धंच. त्याच फुलकाऱ्या लग्नात मोजल्या जायच्या. मुलीने किती बाग आणले, किती फुलकाऱ्या आणल्या यावर तिच्या माहेरची पत ठरायची. म्हणजे बाईची वर्षानुवर्षांची मेहनत एका घरातून दुसऱ्या घरात जायची आणि हिशोबात ती हुंड्याच्या रकान्यात पडायची. मेहनत तिची, पत बापाची. त्रिंजणात म्हणजे बायका एकत्र बसून सूत काततात, भरतकाम करतात त्या बैठकीत गाणी होती, मैत्री होती, मन मोकळं करायची तेवढी एकच जागा होती, हेही खरंच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपण फक्त गाणी आठवतो.

या ‘माये’च्या गोष्टीचा आज व्यवहारात काय उपयोग होतो माहिती आहे? मजुरी पाडायला. “ताई, तुमचं काही कारखान्याचं काम नाही, घरी बसून टीव्ही बघता बघता करता.” “फावल्या वेळातलं काम आहे.” “तुमच्यात हे उपजतच असतं.” ही वाक्यं मी पंजाबी बायकांबद्दल ऐकली, आणि शब्दही न बदलता आपल्याकडे गोधडी शिवणाऱ्या बायकांबद्दलही ऐकली. आजीची गोधडी म्हटलं की आपल्या डोळ्यांत पाणी येतं, पण तीच गोधडी विकायला बसलेल्या बाईने दोन हजार सांगितले की आपण म्हणतो, जुन्या साड्यांचे दोन हजार? माया फुकट असते, म्हणून मायेच्या कामाचे पैसे द्यायला आपला हात आखडतो.

जरा हिशोब करू. २०२४-२५ साली पंजाबात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३२२ रुपये होती, महाराष्ट्रात २९७. खड्डा खणायची, माती टाकायची ही मजुरी. कौशल्य लागत नाही असं सरकारच मानतं त्या कामाचा हा दर. आता समजा, एका ओढणीवर विरळच पण हाताने भरलेलं काम आहे आणि त्याला पंधरा दिवस लागले. खड्डा खणायच्या दराने धरलं तरी ४,८३० रुपये फक्त मजुरी झाली. कापड वेगळं, रेशीम वेगळं, रंगणावळ वेगळी, दुकानदाराचा नफा आणि गाडीभाडं वेगळं. म्हणजे तुमची तीनशेची ओढणी ही पंजाबातल्या एका बाईच्या एका दिवसाच्या खड्ड्यापेक्षा स्वस्त आहे. तेव्हा ती हाताची असूच शकत नाही. आणि तीनशे-चारशेला कुणी खरोखर हाताची देत असेल, तर जास्त काळजी करा. मग त्या बाईला काय मिळालं असेल?

ही घसरण आजची नाही. १८४९ मध्ये इंग्रजांनी पंजाब घेतला. पुढच्या काही दशकांत युरोप-अमेरिकेच्या दिवाणखान्यांतून पडदे, आच्छादनं म्हणून फुलकारीला मागणी आली. मागणी आली तसे व्यापारी आले, घाई आली, गिऱ्हाइकाच्या पसंतीचे रंग आणि नमुने आले. फ्लोरा अ‍ॅनी स्टील नावाची इंग्रज लेखिका बरीच वर्षं पंजाबात राहिली होती. तिने १८८० च्या दशकात फुलकारीवर सविस्तर लेख लिहिला आणि त्यात या बाजारू कामाबद्दल नाराजी नोंदवली. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी हेच भांडण चालू होतं.

मग १९४७. ज्या भागात उत्तमातले बाग आणि थिरमे व्हायचे, त्या हजारा-रावळपिंडीकडचा मुलूख सीमेपलीकडे गेला. तिथल्या हिंदू-शीख बायका इकडे आल्या, इकडच्या मुसलमान बायका तिकडे गेल्या. कापड विणणारा, रेशीम विकणारा, रंगवणारा आणि भरणारी, ही जी साखळी होती ती तुटली. घर सोडून आलेल्या बाईकडे नातीची चोप भरायला ना रेशीम उरलं, ना उसंत. पतियाळाच्या त्रिपडी भागात निर्वासितांची वस्ती झाली आणि आज फुलकारीचं मोठं काम तिथेच चालतं. घरासाठी केलेलं काम पोटासाठीचं झालं. यात वाईट काहीच नाही. उलट मी तर म्हणेन, पहिल्यांदा त्या कामाचा पैसा बाईच्या हातात येण्याची शक्यता तयार झाली. पण शक्यता आणि वस्तुस्थिती यांत फरक असतो. त्या फरकात ठेकेदार उभा असतो.

आज बाजारात ‘फुलकारी’ या एका नावाखाली तीन माल विकले जातात. पहिला, हाताने भरलेला. त्यातही धागे मोजून खद्दरवर भरलेला फारच थोडा. बहुतेक काम जॉर्जेट-शिफॉनवर छापा मारून त्यावर भरलेलं असतं, कारण या तलम कापडावर धागे मोजताच येत नाहीत. ते जुन्या अर्थाने फुलकारी आहे की नाही यावर जाणकार वाद घालोत, पण ते हाताचं प्रामाणिक काम आहे, त्यामागे एका बाईचे दिवस आहेत. दुसरा माल कॉम्प्युटर मशीनवरच्या भरतकामाचा. तिसरा, नुसता छापलेला. तिघांच्या पाटीवर शब्द एकच. किंमत तिसऱ्याची आणि इभ्रत पहिल्याची, असा हा धंदा आहे. यात मरतो तो पहिला.

“पण गरिबाने काय घालायचंच नाही का?” हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. घाला की! छापील ओढणी घाला, छान दिसते, धुवायला सोपी. तिला छापील म्हणा. एप्रिलमध्ये कर्नाटकातला आंबा देवगड हापूस म्हणून पेटीत भरून विकला की आपण किती चिडतो? तो आंबा विष असतो का? गोडच असतो. चिडतो ते नावासाठी, कारण नाव घेतलं की भाव घेतला जातो आणि कोकणातला बागायतदार मार खातो. आंब्याला जो न्याय, तोच ओढणीला लावा एवढंच म्हणणं आहे.

“कला बदलतच असते, तुम्ही काय जुनं धरून बसलाय?” हेही येईल. अहो, मी वर आगगाडीचं सांगितलं ना? ज्या बाईने सैंचीत आगगाडी भरली तिने परंपरेला नवं काहीतरी दिलं, आणि ते तिने स्वतः ठरवून दिलं. तिच्या नातीने उद्या मोबाईल टॉवर भरला तर मी टाळ्या वाजवीन. पण ज्या बदलात भरणारी बाईच गायब होते आणि तिच्या नक्षीचा फोटो उरतो, तो कलेतला बदल कसा? ती तर नोकरकपात झाली.

“हा पंजाब्यांचा प्रश्न आहे, आपल्याला काय?” हे सगळ्यात वाईट. शिंप्याच्या घरात जन्मलेले आपले नामदेव महाराज पंजाबात गेले, घुमानला राहिले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. २०१५ साली आपलं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरलं. तेव्हा गाड्या भरभरून माणसं गेली, सरोपे घेऊन आली, बंधुभावाची भाषणं झाली. इकडे आपल्या नांदेडला गुरू गोविंदसिंगांचं हुजूर साहिब आहे. नातं सांगायचं तेव्हा एवढं सगळं आठवतं. त्या गावच्या बाईच्या मजुरीचा विषय निघाला की ती लगेच ‘पंजाबी’ होते, होय ना?

आणि नाशिककरांनो, आपण तर बोलूच नये असं नाही, आपणच आधी बोलायला हवं. येवला आपल्या जिल्ह्यात आहे. पैठणीला मानांकन आहे, दहा-पंधरा वर्षं झाली. म्हणून काय यंत्रमागावरची पैठणी हातमागाची सांगून विकणं थांबलं? विणकराला विचारून बघा. हातमागावरची साडी दाखवली की गिऱ्हाईक म्हणतं, अशीच तिकडे चार हजारात मिळते. हे वाक्य त्रिपडीतल्या बाईच्याही कानावर रोज पडत असणार, फक्त पंजाबीत.

मानांकन म्हणजे काय जादू असते असं आपल्याला वाटतं. १९९९ चा कायदा आहे, २००३ पासून लागू आहे, नोंदणीचं कार्यालय चेन्नईला आहे. नोंद झाली की त्या नावाचा वापर ठरावीक भागातल्या नोंदणीकृत उत्पादकांनीच करायचा, खोटा वापर केला तर शिक्षेची तरतूद आहे. फुलकारीची नोंद पंजाब, हरियाणा, राजस्थान या राज्यांसाठी आहे. कागद उत्तम आहे. पण कायदा स्वतः चालत बाजारात येत नाही. तक्रार कुणीतरी करावी लागते, आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या गल्लीतल्या दुकानाविरुद्ध तक्रार करायला पतियाळ्याची बाई येणार आहे का? शिवाय मानांकन नावाचं रक्षण करतं, मजुरीचं नाही. उद्या नाव अगदी कडक सांभाळलं गेलं तरी ठेकेदार बाईला नगामागे किती देतो, यावर तो कायदा अवाक्षर काढत नाही. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा १७७ क्रमांकाचा करार आहे. कारखान्यातल्या मजुराला जी वागणूक, तीच यांनाही मिळावी असं त्याचं सूत्र. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. यावर कधी कुठला मोर्चा बघितलाय?

पुरस्कारांचंही तसंच. २०२१ साली पतियाळ्याच्या लाजवंतीजींना फुलकारीसाठी पद्मश्री मिळाली. मनापासून आनंद आहे, हक्काची होती. पण एकीच्या गळ्यात पदक घालून बाकीच्या हजारो जणींचा हिशोब चुकता होत नाही. संग्रहालयांचीही गंमत बघा. लंडन, फिलाडेल्फियापर्यंतच्या संग्रहालयांत जुने बाग काचेत जपून ठेवलेत. खाली पाटीवर कापड, रेशीम, जिल्हा, शतक, सगळं असतं. भरणारीचं नाव बहुतेक ठिकाणी नसतं, कारण ते कधी कुणी लिहूनच ठेवलं नाही. निदान आजच्या बाईबाबत तरी तसं होऊ नये.

गेल्या हिवाळ्यात आपल्या शहरात एक हस्तकला प्रदर्शन भरलं होतं. नाव घेत नाही, भरवणाऱ्यांशी माझं वैर नाही. प्रवेशद्वारावर ‘हस्तकला’ हा शब्द हातभर अक्षरात. आत ‘पंजाबी फुलकारी’चे दोन स्टॉल, दोन्हीकडे ढीगभर छापील माल. स्टॉलवाल्याला विचारलं, हाताचं कुठलं? तो हसून म्हणाला, “साहेब, इथे हाताचं कोण घेतं?” त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. स्टॉलचं भाडं काढायचं होतं त्याला. चूक भरवणाऱ्यांची, ज्यांनी हस्तकलेची पाटी लावून काहीही आत सोडलं. आणि तुमची-माझी, जे चार पिशव्या भरून बाहेर पडलो आणि ‘हस्तकलेला प्रोत्साहन’ म्हणून फोटो टाकला.

आता करायचं काय? नुसतं ओरडून उपयोग नाही, म्हणून चार गोष्टी.

पहिली. शहरात ‘हस्तकला’ किंवा ‘हातमाग’ नावाने जे प्रदर्शन भरेल, त्यात प्रत्येक स्टॉलवर तीनपैकी एक पाटी सक्तीची करा: हाताचं, मशीनचं, छापील. बस्स. मैदान भाड्याने देताना ही अट घालायला ना नवा कायदा लागतो, ना निधी. आपल्या नगरसेवकांना, मैदान देणाऱ्या अधिकाऱ्यांना हे लेखी द्या. मी मसुदा करतोय, सह्यांना या.

दुसरी. दुकानदारांनीही तेच करावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीविरुद्ध तक्रार करता येते. रेशमाला सिल्क मार्क आहे, हातमागाला हँडलूम मार्क आहे, ते बघायची सवय आपल्याला लागलीच ना? भरतकामालाही लागेल.

तिसरी. ओढणी घेताना उलटी करून बघा. छापील असेल तर मागची बाजू फिकट दिसते, दोरा नसतोच. मशीनचं असेल तर मागे बहुतेकदा वेगळ्याच रंगाचा, पांढरा खालचा दोरा दिसतो आणि सगळे टाके एकाच मापाचे. खऱ्या मोजणीच्या फुलकारीत पुढे लांब लांब चमकदार टाके आणि मागे बारीक ठिपक्यांसारखे. दहा सेकंदांचं काम आहे. आंबा घेताना देठ हुंगून बघतो, तसंच.

चौथी. लग्नात पन्नास जणींना अडीचशेप्रमाणे साडेबारा हजारांच्या ओढण्या वाटता, त्या दुसऱ्या दिवशी कपाटात जातात. त्याच साडेबारा हजारात नवरीसाठी एखादी खरी हातची घ्या, आणि भरणारीला किती मिळाले ते विकणाऱ्याला तोंडावर विचारा. उत्तर टाळलं तर दुसरीकडे जा. करवल्यांना काही द्यायचंच असेल तर छापील द्या, पण पत्रिकेत ‘फुलकारी थीम’ लिहू नका. रुखवतातल्या वस्तूही हल्ली भाड्याने आणतो आपण. निदान एक वस्तू तरी कुणाच्या तरी हातची, पूर्ण दाम मोजलेली असू दे.

घेणं परवडत नसेल तर घेऊ नका. त्यात कमीपणा नाही. मीही दरवर्षी पैठणी घेऊ शकत नाही. पण जी वस्तू आपण घेतली नाही तिचं नाव मिरवू नये, एवढा साधा शिष्टाचार आहे.

प्राडाला जाब विचारताना आपला आवाज किती खणखणीत होता! समोर परदेशी कंपनी होती, खिशातून एक रुपया जाणार नव्हता. आता समोर आपलाच दुकानदार आहे, आपलीच पिशवी आहे आणि आपलेच अडीचशे रुपये आहेत. बघू या, आवाज तेवढाच निघतो का.

सह्यांसाठी येणाऱ्यांनी कमेंटमध्ये नुसतं ‘येतो’ किंवा ‘येते’ लिहा. वाद घालायचा असेल तर तोही घाला, पण आधी घरातली ओढणी उलटी करून बघा.